छडीबरहुकूम

"आज ओगावा-सानसारखं वाजवायचं," स्वरूपा शेजारच्या मोरी-सानच्या कानाशी म्हणाली. "मागं सांगा. माझ्या गजाकडं कुणी बघायचं नाही. नजर छडीवर."

मोरी-सानचा चेहरा उतरला. "माएस्त्रोंचा शेवटचा कार्यक्रम आहे."

"म्हणूनच."

निरोप खुर्चीमागून खुर्ची सरकत गेला. टाळ्या उठल्या आणि वाद्यवृंदाचे संचालक, माएस्त्रो लेशेक वोयनार, योकोहामाच्या त्या सभागृहात राजासारखे आले. पोलंडपासून जपानपर्यंत पन्नास वर्षं वाद्यवृंद चालवले, पण समोर कधी स्वरलिपीचा कागद ठेवला नाही, हा त्यांचा तोरा.

आजच्या रचनेच्या संथ भागात ते दोन आवर्तनं गाळत. दरवेळी, तिथंच. पहिल्या खुर्चीवरची स्वरूपा व्हायोलिनचा गज किंचित उचलून धरी आणि सगळा ताफा छडी सोडून तिच्यामागं जाई. माएस्त्रोंना पत्ताही लागत नसे. टोकियोतल्या फुनाबोरीच्या घरी कीर्तनात आईनं तिला हेच शिकवलं होतं: बुवांची ओळ सुटली तर टाळकऱ्यानं ती अलगद झेलावी, बुवांना उघडं पाडणं हे पाप.

सकाळच्या तालमीत म्हातारे ओगावा-सान तेवढे छडीबरोबर गेले. माएस्त्रोंनी त्यांना उभं केलं, ती ओळ एकट्याला पुन्हापुन्हा वाजवायला लावली आणि म्हणाले, "बासरी पुरे आता. नातवंडांच्या शिट्ट्या दुरुस्त करा." ओगावा-सान सगळ्यांपुढं कमरेत वाकले आणि बासरी खुर्चीवरच ठेवून निघून गेले.

पाप तर पाप.

ती जागा आली. छडी पुढं गेली. स्वरूपाचा गज वर झाला नाही. कुणी छडीबरोबर उडी मारली, कुणाची बोटं सवयीनं मागंच राहिली. सूर एकमेकांवर आदळले, विस्कटले, थांबले.

माएस्त्रो तिच्याकडं वाकले. "कोण चुकलं?"

"आम्ही छडीबरोबर होतो, माएस्त्रो. सकाळी ओगावा-सान होते तसेच."

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "आणि इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं नव्हतो."

तिनं गज तारेवर टेकवला. छडी वर गेली आणि वरच राहिली. म्हातारा माएस्त्रो आता इशाऱ्यासाठी तिच्या मनगटाकडं बघत होता.

स्वरूपानं ते लगेच हलवलं नाही.