सुटकेचा हुकूम

ड्यूई स्ट्रॉन खुनाच्या शिक्षेपायी अकरा वर्षं अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या तुरुंगात होता. सप्टेंबरात त्याच्याविरुद्धच्या एकमेव साक्षीदाराने शपथेवर सांगितलं, की आपण खोटं बोललो होतो. न्यायाधीश हॉलिस ट्रेमेन यांना ते पटलं. सुटकेचा हुकूम त्यांनी टाइपही करून घेतला, पण सही केली नाही. तिथे न्यायाधीशही दर सहा वर्षांनी लोकांच्या मतांनी निवडले जातात, आणि ट्रेमेन यांची निवडणूक तोंडावर आली होती.

"नोव्हेंबरातलं मतदान होऊ दे, व्हर्ना," ते आपल्या कारकूनबाईंना म्हणाले. "आत्ता सोडला, तर समोरचा उमेदवार गावभर ओरडत सुटेल, ट्रेमेन खुन्यांना घरी धाडतो म्हणून."

"आणि त्याच्या आईला काय सांगू? रोज येऊन बसते ती बाहेर."

"सांग, कागदपत्रं बघतोय."

ट्रेमेन दोनशे मतांनी पडले. दुसऱ्या दिवशी व्हर्नाने तो हुकूम आणि पेन त्यांच्यापुढे ठेवलं.

"पडलात ते बरंच झालं, साहेब. खुर्चीवर अजून सात आठवडे आहात, आणि आता कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही. करा सही."

ट्रेमेन यांनी हुकूम वाचला, त्याची घडी घातली आणि तो खणात ठेवून दिला.

 

"सहा वर्षांनी मी पुन्हा उभा राहणार आहे, व्हर्ना."