वरच्या मजल्यावरची ठोकठोक

ठक! वर हातोडा पडला आणि घड्याळजीच्या चिमट्यातला इवलासा स्क्रू उडून टेबलाखाली गेला.

"झालं! आता शोधा!" तो गुडघे टेकून फरशीवर हात फिरवू लागला. सातव्या महिन्यातली त्याची बायको शेजारच्या खोलीत उशीत डोकं खुपसून पडली होती. घर दोन खोल्यांचं. त्यात एका खोलीत हे कामाचं टेबल, आणि डोक्यावर तो निवृत्त सुतार. इतकी वर्षं बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि हल्लीच त्याच्या अंगात काय संचारलं होतं देव जाणे.

"आज मी वर जातोच. दोन शब्द सुनावतो."

तो स्क्रू सापडेपर्यंत ठोकठोक थांबली होती. चपला घालतोय तोच आई दारातून आत आली, धापा टाकत.

"मी आत्ताच वरून येतेय. सांगितलंय त्याला. तू जाऊ नकोस बाबा, तुझं डोकं तापट. उगाच हातघाईवर यायचं."

"रोज सांगतेस, रोज ठोकतो. तुला त्रास नाही होत?"

"मला कसला? कानातलं यंत्र काढलं की मी मोकळी." आईने तेलाची बाटली काढली आणि उजवा खांदा चोळायला बसली. खांदा हल्ली फार धरायचा. वय झालं म्हणायची.

शहराबाहेर तासाभरावर एक गाव होतं. तिथून माणसं सकाळी शहरात कामाला यायची आणि संध्याकाळी परतायची. तिथलं एक छोटं घर बायकोच्या मनात भरलं होतं. पुढे अंगण, मागे पेरूचं झाड. बाळ मोकळ्या हवेत वाढेल, एवढंच तिचं म्हणणं. पण आई शहर सोडायला तयार नव्हती. तिच्या मैत्रिणी, तिचं वाचनालय, सगळं इथेच. आणि आईला एकटं टाकून जायचं हे घड्याळजीच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"अरे, मी काय कुकुलं बाळ आहे?" आई म्हणायची.

"नाही म्हणजे नाही. विषय संपला."

बायको उठून आतल्या खोलीत जायची. तिचं ते उठून जाणं त्याला भांडणापेक्षा जड जायचं.

मग एका संध्याकाळी वरून असा दणका बसला, की गिऱ्हाइकाच्या आजोबांच्या घड्याळाच्या तबकडीवर चिमट्याचा ओरखडा उठला. घड्याळजीने भिंग काढून ठेवलं.

"पुरे झालं," तो बायकोला म्हणाला. "घेऊ ते घर."

बायको रडलीच. आणि सामान बांधायला सगळ्यात पुढे कोण, तर आई! डाव्या हाताने दोऱ्या आवळत होती.

नव्या घरी पहिल्याच दुपारी बायको गाढ झोपली. घड्याळजीने खिडकीपाशी टेबल मांडलं आणि कान दिला. भिंतीवरच्या घड्याळांची टिकटिक तेवढी. हुश्श! किती महिन्यांनी त्याचे खांदे सैल पडले. आईची रुखरुख होती, पण फोनवर तिचा आवाज इतका खुशीत होता, की तीही निवळली.

पहिल्या रविवारी तो आईला भेटायला गेला. जिन्यातच सुतार भेटला, हातात बॅग घेऊन वर चढत होता. घड्याळजीच्या मनात आता राग उरला नव्हता.

"ठोका आता बिनधास्त, काका," तो हसून म्हणाला. "आम्ही सुटलो, तुम्हीही सुटलात."

"कसलं ठोकतोय मी?" सुतार बुचकळ्यात पडला. "वर्षभर लेकीकडे होतो. आत्ता उतरतोय गाडीतून. कुंड्यांना पाणी घालायला किल्ली तुमच्या आईकडेच दिली होती की!"

घड्याळजी जिन्यातच उभा राहिला. मग आईचं दार वाजवलं, आत गेला, फळीवरची तेलाची बाटली उचलली आणि तिच्या मागे जाऊन उभा राहिला.

"उजवाच ना गं?"