माटोळीला नवं फळ

जैसलमेरजवळच्या त्या गावात सगळे प्रवासी भरतकाम बघण्यात गुंग होते आणि गोव्यातल्या हळर्ण गावचे गोकुळदास मात्र काटेरी झुडपांत वाकून काहीतरी शोधत होते.

"अहो, लोक हंय चादरी घेतात आनी तुमी काट्यांत खंय शिरतात?" त्यांची बायको सुविधा करवादली.

"माटोळीक!" चवथीला गणपतीच्या डोक्यावर रानातली फळं-पानं बांधलेली माटोळी टांगायची, आणि अख्ख्या पेडणे तालुक्यात कुणाकडे नाही असं एक तरी फळ आपल्या माटोळीला हवंच, हा त्यांचा दरवर्षीचा हट्ट. वाळूतलं चेंडूएवढं पिवळं फळ त्यांनी उचललं.

भरतकाम करणारी बाई हसली. "कडूजहर आहे ते. कोण खाणार?"

"खायला नको, देवावर टांगायला," त्यांनी मोडक्या हिंदीत सांगितलं. मग त्याचं नाव काय, फूल कसलं, वास कसा, सगळं खोदून खोदून विचारलं.

तिने सगळं सांगितलं आणि मांडीवरचं तोरण पुढे धरलं. त्याला ओळीने कापडाची हिरवी पानं लोंबत होती. "हे आंब्याचं पान. आईने शिकवलं तसं शिवते, खरं कधी हातात घेतलं नाही. तुमच्याकडे असेल ना? कसा असतो त्याचा वास?"

आंबा गोकुळदासांच्या अंगणातच होता. दर चवथीला माटोळीला पहिला पानांचा टाळा ते त्याचाच बांधत.

काही केल्या त्यांना त्या पानांचा वास आठवेना. त्यांनी सुविधाकडे पाहिलं, तर ती घाईघाईने चादरी बघू लागली.