बाबांची टाकी

सातव्या टाकीतून सकाळपासून गढूळ पाणी येत होतं. मुकादमाने औषधाची नळी तिच्या हातात ठेवली.

"एवढी घाल. आणखी वर्षभर ओढतील."

त्या शहरात माणूस गेला की त्याच्या यकृतातल्या पेशी काढून वाढवत, टाकीत सोडत आणि शहराचं सांडपाणी त्यांच्याकडून गाळून घेऊन पुन्हा नळाला पुरवत. सातव्या टाकीत तिचे बाबा होते. जन्मभर ते याच कारखान्यात पंपावर राबले आणि गेल्यावर पंपावरून टाकीत आले, एवढाच काय तो फरक. टाक्यांना खाऊपिऊ घालायचं काम तिच्याकडे होतं.

तिने टाकीतला एक थेंब काचेवर घेऊन भिंगाखाली धरला. ताज्या पेशी भरगच्च, एकमेकींना बिलगून असतात. या फुगून, पसरून पडल्या होत्या. पाळी संपवून आल्यावर बूट न काढताच आडवे होणारे बाबा तिला आठवले. तेवढ्यात कारखान्यातून कुणीतरी बोलवायला यायचं, की हे निघाले. "घरी नाहीत म्हणून सांगते," असं आई कुजबुजायची, पण बाबांनी तिला ते खोटं कधी बोलू दिलं नाही.

"आणि नाही घातलं तर?" तिने विचारलं.

"तर टाकी रिकामी करायची, दुसरं काय. तुझ्या घरचं माणूस आहे, तू बघ." मुकादमाने जांभई दिली. "तिसऱ्या टाकीत माझी सासू आहे. ती मात्र अजून दणक्यात चाललीय."

तो गेल्यावर ती नळी घेऊन नुसतीच उभी राहिली. तिचेही पाय भरून आले होते. बाबांना अजून एक वर्ष राबवायचं तिच्या जिवावर आलं, आणि त्यांना सोडायचं तर त्याहून जास्त. शेवटी तिने नळी खिशात टाकली आणि टाकीच्या तळाची तोटी उघडली.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा आई नळाखाली पेला धरून उभी होती. दिवे लागताना एक पेला पाणी ती रोज प्यायची. यांच्या हातचं आहे, म्हणायची.

"कसे आहेत?" आईने रोजच्यासारखं विचारलं.

"आजपासून सुट्टी," लेक म्हणाली. "मीच दिली, आई."

आईने पेला सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. नळ घट्ट बंद केला. मग जाऊन दाराला आतून कडी घातली.

"कुणी बोलवायला आलं," ती म्हणाली, "तर सांग, घरी नाहीत."