टोपलीचं बूड

पामून कणगीत दडून बसला होता. कणगी त्यानंच खजुराच्या पातींची विणलेली. पण आत माणूस बसेल, असा काही हिशेब धरला नव्हता. गुडघे हनुवटीला टेकले होते. फटीतून अंगण दिसत होतं आणि अंगणात त्याला बिशप करायला आलेली गावची सोळा माणसं.

म्हातारा बिशप वारून महिना झाला होता. वरच्या आळीचे होडीवाले म्हणत, पुढचा बिशप आमचा. खालच्या आळीचे विणकर म्हणत, आमचा. चर्चच्या दाराला दोघांनी आपापलं कुलूप ठोकलं होतं आणि तान्ह्या पोरांचे बाप्तिस्मे खोळंबले होते. दोन्ही आळ्यांना चालेल असं नाव एकच: वाळवंटात टोपल्या विणणारा हा तपस्वी. त्याला मात्र हे लोढणं गळ्यात नको होतं. खरा तपस्वी बिशपपदाचं नाव काढलं की पळतोच, त्याला धरून न्यावं लागतं, हे गावालाही ठाऊक होतं.

"ताएसेमावशी, भाऊ कुठंय तुमचा?" होडीवाल्या दिओस्कोरनं विचारलं.

"मला काय विचारता? आठवड्याची भाकर घेऊन आले, तर खोपट रिकामं." तिनं कणगीकडं पाहिलंसुद्धा नाही. आक्का ती आक्काच, पामूनला भरून आलं.

"दिवस मावळेस्तोवर थांबू," विणकरांचा होर म्हणाला. "नाहीतर आमचा आम्ही नेमू."

"नेमा की! आम्हीही नेमतो."

एका गावात दोन बिशप! पामूनला फार वाईट वाटलं. पण देव बघून घेईल, म्हणून त्यानं डोळे मिटले.

"रिकामे कशाला बसताय?" ताएसे म्हणाली. "ही टोपली अर्धवट पडलीय. तुम्ही दोघं जाणते, बूड तेवढं विणा."

दोघांनी पातीचं एकेक टोक धरलं. एक ओढी इकडं, दुसरा तिकडं.

"अहो, सोडा!"

"तुम्ही सोडा!"

पात टर्रकन फाटली. दुसरी घेतली, तर बूड एका अंगाला झुकलं. पामूननं एक डोळा उघडला. तिसरी पात त्यांनी न भिजवता, कोरडीच घातली.

वाळवंटात त्यानं उपास सोसले, विंचू सोसले. हे सोसवेना.

"अरे, ओढताय काय बैलांसारखे!" कणगी आडवी झाली आणि पामून बाहेर गडगडला. "कोरडी पात घालतं का कुणी? एकानं धरायचं, एकानं वळवायचं! आणा इकडं!"

सोळाजण त्याच्यावर तुटून पडले. हसत, ओरडत त्यांनी त्याला गाढवावर बसवलं.

"आक्का, दगा दिलास!"

"मी बाई काही बोलले का?" ताएसे पदरानं डोळे पुसत हसली. "भाकर आता तिकडं आणीन."

पामून रडला, चिडला, शेवटी टोपली मागून घेतली आणि वाकडं बूड उसवलं. "होर, तुम्ही धरा. दिओस्कोर, तुम्ही वळवा." गाढवाच्या दोन बाजूंनी दोघं मुकाट्यानं विणत चालले.

वेशीपाशी बूड पुरं झालं. पामूननं टोपली दोघांपुढं धरली.

"आता कुलपांच्या किल्ल्या टाका हिच्यात."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग दिओस्कोरनं टाकली. मग होरनं.

मागून येणाऱ्या ताएसेनं टाचा उंचावून पाहिलं. बूड टिकलं होतं.