घरचीच राणी

आईला बाजूला सारून अठराव्या वर्षी गादीवर बसलेल्या राणीवर सिनेमा निघत होता. काढणाऱ्या बाई म्हणजे एकेकाळच्या गाजलेल्या नायिका. त्यांच्या लेकीला नुकतंच अठरावं सरलेलं. घोड्यावर बसायला शिकताना पडून पडून पोरीचं कंबरडं मोडायची वेळ आली होती.

"जिवाला घोर लावून घेऊ नकोस गं. राणीची भूमिका मी घराबाहेर जाऊ देणार नाही," आईनं शब्द दिला होता.

आई शब्दाला जागली. शूटिंगच्या पहिल्याच दिवशी मेकअपवाल्यानं लेकीच्या गालांवर सुरकुत्या काढल्या, डोक्यावर पांढरा विग चढवला आणि म्हणाला, "ताई, जरा वाकून चाला हं."

पन्नाशीच्या आईनं पोट आत ओढून तलवार उपसली आणि लेकीवर गरजली, "आईसाहेब, पुरे झालं! आता तरुणांना जागा करून द्या!"