काटा मधोमध

सूर मोजायच्या ट्यूनरचे सेल चौथ्यांदा बदलले, तरी काटा मधोमधच.

"म्हणजे बरोबरच आहे ना?" बायको म्हणाली.

"तेच तर दुखणं आहे."

मांडीवर स्टील गिटार, डाव्या हातात पोलादी सळई. बत्तीस वर्षं तो बँडमध्ये ही सळई तारांवरून सरकवत आला होता. सगळे त्याला सळईवालाच म्हणत. खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत उरलं होतं.

काल तालमीत मास्तरांनी सगळ्यांदेखत आपला ट्यूनर त्याच्या गिटारला लावला. मोकळी तार छेडली, काटा उजवीकडे पळाला. चढी. दुसरी चढी. सहाच्या सहा चढ्या. त्याच तारा त्याच्या स्वतःच्या ट्यूनरवर मात्र चोख.

"दोघांतला एक खोटं बोलतोय," सळईवाला म्हणाला होता.

"हॉलमधला पियानो दर वर्षी माझ्या ट्यूनरवर लावून घेतो मी," मास्तर म्हणाले. "अख्खा बँड त्या पियानोवर लागतो. आता तुम्हीच सांगा, खोटं कोण बोलतंय?"

ढोलवाला फिसकन हसला.

"शुक्रवारी एकट्याने वाजवून दाखवा. जमलं तर ठीक, नाहीतर खुर्ची मोकळी करा. कानालाही वय असतं हो."

बाहेर पडताना गाणाऱ्या बाईंनी समजूत घातली. "मनाला लावून घेऊ नका. माझं उलटंच झालंय बघा. ज्या सुराला पूर्वी घाम फुटायचा, तो आता पन्नाशीत आपोआप लागतो. कुणाचं उतरतं, कुणाचं चढतं."

म्हणून आज सकाळपासून हा खेळ. आधी सेल. मग वायर. ट्यूबलाइटची घरघर गिटारच्या पिकअपमध्ये शिरत असेल म्हणून ती बंद. फ्रिज बंद. जुन्या तारा काढून नव्या चढवल्या, ताणून बसू दिल्या, एक छेडताना बाकीच्यांवर तळवा ठेवला. काटा ढिम्म हलेना. मधोमध.

आतल्या खोलीत बायको पुटपुटली, "आता दुधालाही सूर लावा, नासण्याआधी."

"ऐकलं मी!"

"दोन भिंतींआडून पुटपुटलेलं ऐकू येतं, आणि म्हणे कान गेले," ती म्हणाली. त्याला हसू आलं नाही. बँड नसेल तर सकाळी उठून करायचं काय, हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं.

दुपारी तो ट्यूनर आणि गिटार घेऊन रेडिओवाल्याकडे गेला. अख्ख्या बँडची वाद्यं, माइक, ट्यूनर तोच दुरुस्त करायचा. टेबलाच्या कोपऱ्यात कापडाखाली त्याचं मोठं मशीन होतं. त्याला सगळे बापमशीन म्हणत. सगळे ट्यूनर त्याच्यावर तपासले जायचे.

रेडिओवाल्याने ट्यूनर त्या मशीनला जोडला. "काका, तुमचाच बिघडलाय. बराच बिघडलाय."

"नीट बघ रे."

"नीटच बघतोय. आजवर कधी आणला होतात माझ्याकडे?"

"गरजच पडली नव्हती."

"मग! मास्तरांचा दर वर्षी येतो आणि या मशीनशी मिळवून जातो. तुमचा मोकाट सुटलेला." त्याने झाकण उघडलं, आतला बारीक स्क्रू किंचित फिरवला. "झाला सरळ. वाजवा."

सळईवाल्याने तार छेडली. काटा उजवीकडे पळाला.

चढी.

त्याच्या बाजूने बोलणारा एकच साक्षीदार होता. तोही फिरला.

घरी येऊन त्याने दुरुस्त ट्यूनरवर एकेक तार उतरवली. काटा मधोमध आला. कानाला मात्र कुणीतरी ओळखीचा माणूस आजारी आवाजात बोलतोय असं वाटत राहिलं. दोन दिवस तो तसाच बसून वाजवत होता. जेवण ताटात निवत होतं. बायकोने टोमणे मारणंही सोडून दिलं.

शुक्रवारी हॉलमध्ये सगळे गोल करून बसले. मास्तरांच्या ट्यूनरवर मोकळ्या तारा बरोबर लागल्या. मास्तरांनी मान डोलावली. "आता वाजवा."

त्याने सळई तारांवर ठेवली. या गिटारवर बोट अडवणारे पडदे नसतात. कान सांगेल तिथे हात जातो. हात बत्तीस वर्षांच्या जागी गेला. काटा उजवीकडे. त्याने सळई मागे ओढली, ती पुन्हा पुढे सरकली. कपाळावरचा घाम तारांवर ठिबकला.

"पुरे," मास्तर हळूच म्हणाले. ढोलवाला या वेळी हसला नाही. त्याचंच जास्त लागलं.

सळईवाल्याने कागद मागून घेतला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: कान निकामी झाल्यामुळे बँड सोडत आहे. सही केली. मग पक्कड घेऊन सहाही तारा कापल्या. प्रत्येक तार तुटताना ओरडली. गाणाऱ्या बाईंनी तोंड फिरवलं.

घरी जाताना पुलावर थांबून त्याने सळई नदीत टाकली. एवढीशी वस्तू, डुबुक् आवाज झाला. तो आवाजही त्याला सुरात वाटला आणि आपल्याच कानांची शिसारी आली.

मग तो रेडिओवाल्याकडे वळला. ट्यूनर टेबलावर ठेवला. "घे. सुटे भाग वापर."

"असं काय करता काका?"

"मला काय करायचाय आता." तो निघाला आणि दारात थबकला. कापडाखालच्या मशीनकडे बघत म्हणाला, "हे तुझं बापमशीन कधी चुकत नाही का रे?"

"चुकेल कसं?" रेडिओवाला हसला. "दर वर्षी तुमच्या हॉलवर नेतो आणि तिथल्या पियानोशी मिळवून आणतो. त्याच्याइतकं खात्रीचं दुसरं काय आहे?"